कॅप्सूल रंगावरून ओळखू नका



मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. तरी औषधाविषयी बोलायला उभा राहिलो, त्याला कारण माझ्या घरातलेच आहे. आमच्या आईने उरलेल्या गोळ्यांचा एक डबा जपून ठेवला होता. दवाखान्यासाठी अकलूज किंवा इंदापूर गाठायचे म्हणजे दिवस मोडतो, म्हणून आपल्या नरसिंहपुरात असे डबे पुष्कळ घरी असतील. एकदा धाकट्या भावाचा घसा धरला. "मागे हिनेच गुण आला होता," म्हणत आईने त्याला लाल-पिवळी कॅप्सूल दिली. तासाभरात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "कोणती कॅप्सूल दिली?" कोणालाच सांगता येईना. पट्टीवरचा नावाचा भाग केव्हाच कापला गेला होता. भाऊ वाचला, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

मित्रहो, रंग ही औषधाची ओळख नव्हे. एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या रंगांत काढतात आणि एकाच रंगात भलतीच औषधे असतात. बँकेत आम्ही चेकचा रंग पाहून पैसे देत नाही; नाव, तारीख, रक्कम, सही पाहतो. तसेच पट्टीवर मूळ औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि मुदत वाचावी. लाल उभी रेघ दिसली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घेऊ नये.

अमॉक्सिसिलिनचेच उदाहरण घ्या. ते पेनिसिलिनच्या कुळातले. पेनिसिलिनचा शोध फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ साली त्याचे उत्पादन सुरू झाले. घसा, कान, फुफ्फुसे, लघवीचा मार्ग यांत जिवाणूंचा संसर्ग झाला तर डॉक्टर अमॉक्सिसिलिन देतात. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. तिथे त्याचा उपयोग नाही. ज्याला पेनिसिलिन सोसत नाही, त्याच्या तर ते जिवावर बेतू शकते. शिवाय विनाकारण घेत राहिल्यास जिवाणू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध लागू पडत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला वाचता येते. आज घरी जाऊन तो डबा उघडा. नाव नसलेली गोळी कोणालाही देऊ नका. पट्टी कापताना नाव व मुदत असलेला भाग शेवटपर्यंत राखा. घरात कोणाला कोणते औषध सोसत नाही, ते वहीत लिहा आणि दर वेळी डॉक्टरांना दाखवा. आमच्या घरी ती वही आता आईच्या डब्याच्या जागी ठेवलेली असते.