डाळीतला भुंगा आणि दारातला विंचू

हे दिवस साठवणीचे. घरोघरी गच्चीवर धान्य वाळतंय, कडधान्याला एरंडेलाचा हात लावून डबे भरले जाताहेत. कीटकांविरुद्ध स्वयंपाकघरातला सर्वांत खात्रीचा उपाय कोणता, असं विचाराल तर मी हे एरंडेलच सांगेन.

डब्यातले मूग तळहातावर घेऊन उजेडात पाहा. सालीला टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चिकटलेला दिसला, तर ते भुंग्याचं अंडं. त्यातली अळी थेट दाण्यात शिरते, आतून तो पोखरते आणि शेवटी गोल भोक पाडून भुंगाच बाहेर पडतो. दाण्याला तेल चोळलेलं असेल तर मादी त्यावर सहसा अंडी घालत नाही. घातलीच तर तेलाखाली हवा न मिळून ती मरतात. मात्र आधी ऊन कडकडीत हवं. तांदळात बोरिक पावडर घालण्यापेक्षा कडुलिंबाचा पाला बरा, पण तो पुरता वाळलेला. ओल्या पाल्याने बुरशी धरते.

मुंग्या एकमेकींनी सोडलेल्या वासाच्या मागावर चालतात. हळदीच्या रेघेने त्या थोडा वेळ थबकतात, मग वळसा घालतात. त्यापेक्षा साबणाच्या पाण्याने तो मागच पुसून काढावा.

डासांपुढे मात्र आपलं फडताळ तोकडं पडतं. कापूर किंवा लिंबात खोचलेल्या लवंगा यांचा वास हवेत विरून जातो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, घरातल्याच साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून साधारण 7 ते 10 दिवसांत उडायला लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली घासून कोरडी करणं हाच उपाय. आणि कापूर मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो पोटात गेला तर झटके येतात.

डास चावल्यावर साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवली की बहुधा भागतं. मधमाशीचा काटा त्वचेत राहतो आणि त्याच्या पिशवीतून विष येतच राहतं, म्हणून नखाने, चिमट्याने, जसा जमेल तसा तो आधी काढा. खाण्याच्या सोड्याचा लेप लावायला हरकत नाही, पण विष त्वचेखाली असतं, सोडा तिथवर पोचत नाही. चेहरा सुजला, धाप लागली, तर घरात एक क्षणही थांबू नका.

आता विंचू. कांदा, चुना, उगाळलेला चिंचोका: कोकणात या उपचारांत किती वेळ गेला आणि त्यात किती मुलं गेली! लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याची लक्षणं रुग्णांच्या उशाशी बसून टिपली, 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली आणि पुढे रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी यावर वापरून असंख्य जीव वाचवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची चिन्हं. पण त्यांची वाट पाहू नका. विशेषतः मूल असेल तर डंख झाल्याबरोबर 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. चिंचोका उगाळत बसू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.