वैलाला आच का लागत नाही?



थंडी पडली की आपल्या रहिमतपूर भागात चुली लवकर पेटतात. १९८३ साली राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी धुराड्याच्या चुली आल्या. तो कार्यक्रम २००२ साली बंद झाला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसही आला. तरीही अंघोळीचं पाणी, भाकरी, जनावरांचं आंबोण यासाठी पुष्कळ घरांत अजून चूलच लागते. तिच्याबद्दल दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. पुढच्या भांड्याला आच लागते, पण वैल थंडच राहतो. आणि धूर धुराड्यातून न जाता घरातच कोंडतो. बहुतेक वेळा या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असतं. हवेची वाट कुठेतरी अडलेली असते.

गेल्या थंडीत मी एका वस्तीवर गेलो होतो. घरधनी चूल फोडायच्या तयारीत होते. धुरानं त्यांचा नातू रात्रभर खोकत होता. मी चुलीचं तोंड मोठं करायला सांगितलं. त्यांनी केलं, तर धूर उलट वाढला! शेवटी घरातल्या आजी म्हणाल्या, "साहेब, एकदा वर तरी बघा." पाहिलं तर धुराडं काजळीनं निम्मं बुजलेलं. चूल चांगली होती, सल्ला माझा चुकला होता. तोंड पुन्हा लिंपून पूर्वीएवढं केलं, धुराडं झाडलं, आणि चूल ओढू लागली.

यात होतं काय, ते पाहू. गरम हवा हलकी असते. ती धुराड्यातून वर चढते आणि तिच्यामागं ताजी हवा चुलीच्या तोंडातून आत ओढली जाते. आपल्या उसाच्या पाटासारखंच आहे हे. पाट मध्येच गाळानं भरला किंवा फुटला, तर शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. चुलीची शेवटची सरी म्हणजे वैल. तिथं आच पोचत नसेल तर जाळ वाढवू नका, वाट मोकळी करा.

आधी परीक्षा घ्या. चूल पेटलेली असताना तोंडाशी उदबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर ओढ ठीक आहे. तो जागीच घुटमळला किंवा बाहेर आला, तर पुढील गोष्टी क्रमानं पाहा.

१. चूल थंड झाल्यावर तोंडातली आणि वैलाकडे जाणाऱ्या बोगद्यातली राख काढा. हे रोजचं काम आहे.

२. वैलाच्या आत एक उंचवटा असतो. तो आच भांड्याच्या बुडाकडे वळवतो. झिजला असेल तर मूळ होता तेवढाच लिंपा. भांड्याचं बूड त्याला टेकता कामा नये.

३. भांडी भोकांवर घट्ट बसली पाहिजेत. फटीतून गार हवा शिरली की ओढ मोडते. वैल रिकामा असेल तर त्यावर पाण्याचं भांडं ठेवा. भेगा मातीनं बुजवा.

४. महिन्यातून एकदा काठीला चिंध्या बांधून धुराडं झाडा. चूल थंड असावी, नाकाला फडकं असावं. पाखरानं घरटं केलंय का, तेही पाहा. धुराड्याचं टोक छपराच्या वर निदान दोन फूट असावं आणि जवळ झाडाची फांदी नसावी. जुना पाईप ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असेल तर तो कापू नका, खरवडू नका. ती धूळ फुप्फुसाला घातक असते. असा पाईप शक्यतो बदलून घ्या.

५. सरपण वाळलेलं वापरा. चूल पेटवताना खिडकी उघडी ठेवा. बाहेरून हवा आलीच नाही तर धुराडं ओढणार काय? पहाटे धुराडं गार असतं, म्हणून आधी तुराट्यांचा किंवा वाळल्या चिपाडाचा हलका जाळ करा, मग जाड लाकूड घाला.

आता एक गोष्ट जिवाची. ऊब टिकावी म्हणून निखारे असताना धुराडं बुजवू नका. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस जातो. डोकं जड झालं, मळमळलं, तर ताबडतोब उघड्यावर या आणि दवाखाना गाठा.

बंधूंनो, शेवटचं सांगणं तुम्हाला. धूर घरातल्या बायकांच्या आणि लेकरांच्या छातीत जातो. पाट तुंबला तर आपण मध्यरात्री खोरं घेऊन निघतो. मग महिन्यातून एकदा धुराडं झाडायला अर्धा तास काढणं जड नाही. येत्या रविवारी एवढं काम कराच.