परवाना गेला, खर्च राहिला



ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कोणत्याही जुन्या चाळीत साठी उलटलेल्या माणसाला विचारावे. दूरदर्शन संचाच्या परवान्याचे पुस्तक त्याला आठवेल. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि वरळीकडे तोंड केलेल्या अँटेना डोंबिवलीच्या छपरांवर हळूहळू दिसू लागल्या. संच घेतला की टपाल कचेरीत जाऊन परवाना काढायचा आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करायचे. रेडिओला १५ रुपये, दूरदर्शन संचाला ५०. निरीक्षक दारात आला तर पुस्तक दाखवावे लागे. हा सारा व्यवहार बिनतारी संदेशवहनाच्या १९३३च्या कायद्यावर उभा होता. प्रजेच्या घरात कोणते यंत्र आहे याची नोंद परकीय सरकारला हवी होती. स्वराज्यातही तीच वही पुढे चालू राहिली.

वर्षाला ५० रुपये म्हणजे दिवसाला चौदा पैशांहूनही कमी. पण घरखर्चाचा भार असा भागाकाराने कळत नाही. वागळे इस्टेटमधील कामगाराला ही रक्कम एकाच दिवशी टपालाच्या खिडकीत ठेवावी लागे आणि त्याच्या कारखान्याच्या मालकालाही तेवढीच. ऐपत न पाहता सर्वांकडून सारखी वसूल होणारी रक्कम गरिबालाच अधिक जड जाते. म्हणून या पद्धतीला आक्षेप घेणे रास्तच होते. चाळीने मात्र त्यावर आपला तोडगा काढला होता. संच एका बिऱ्हाडात, परवाना एक, आणि ‘छायागीत’ला किंवा रविवारच्या चित्रपटाला सारा मजला त्या एका खोलीत. या सहकाराची नोंद कोणत्याही मंत्रालयाच्या दप्तरी नाही.

१९८०च्या दशकाच्या मध्यास परवाना रद्द झाला. सर्वसामान्य माणसाला तो दिलासा वाटला, आणि तो खोटाही नव्हता. परंतु खर्च संपला नाही. तो दुसऱ्या दाराने घरात आला. दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६पासूनच सुरू झाल्या होत्या आणि १९८४मध्ये ‘हम लोग’ने प्रायोजित मालिकांचा मार्ग मोकळा केला. जाहिरातीचा पैसा कंपनी आपल्या नफ्यातून देते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. तो साबणाच्या वडीच्या किमतीत मिसळलेला असतो, आणि ज्याच्या घरी संचच नाही तोही वडी विकत घेतो. परवान्याचा भार निदान संच बाळगणाऱ्यावरच पडत होता.

त्यानंतर केबल आली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने १ फेब्रुवारी २०१९पासून नवी दरपद्धती लागू केली. तिच्यानुसार पहिल्या १०० वाहिन्यांसाठी केवळ जोडणीचा आकार महिना कमाल १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर. म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. वर्षाचे झाले १८४० रुपये ८० पैसे, आणि यात एकाही सशुल्क वाहिनीचा दाम धरलेला नाही. त्या शंभरांत दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्याही मोजल्या जात; सरकारी वाहिनी पाहण्याचा आकार खाजगी केबलवाल्याला द्यायचा, असा हा प्रकार होता! २०२०मध्ये त्यांची गणना वेगळी झाली, तर २०२४मध्ये आकारावरील कमाल मर्यादाच उठवण्यात आली.

डोंबिवलीतील एखादा बँक कर्मचारी येथे म्हणेल की ५० रुपयांची तुलना १८४० रुपयांशी करणे योग्य नाही, कारण दरम्यान पगार आणि भाव दोन्ही वाढले. त्याचे म्हणणे बरोबर आहे. छत्तीस पटींचा आकडा सभेत टाळ्या मिळवील, पण त्याने काही सिद्ध होणार नाही. खरा प्रश्न आकड्याचा नसून अधिकाराचा आहे. परवान्याची रक्कम संसदेपुढे येत होती. ती वाढली तर मंत्र्याला जाब विचारता येत होता. मुंबई केंद्रावर ‘कामगार विश्व’ होते, ‘आमची माती, आमची माणसं’ होते. केबलच्या बिलात कामगारासाठी कार्यक्रम मागण्याची जागा कोठे आहे?

९ फेब्रुवारी १९९५च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. मालमत्ता जर जनतेची, तर तिच्यावरील किमान सेवा घरोघर विनाशुल्क पोहोचली पाहिजे. जर्मनीत २०१३पासून घरामागे एक वर्गणी आहे आणि सरकारी निर्वाह साहाय्यावर जगणाऱ्यांना अर्ज करून तिच्यातून सूट मिळते. म्हणजे सार्वजनिक वर्गणी गरिबाला जाचक असलीच पाहिजे असे नाही.

आपल्याकडे जुनी जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे बहुतेक बंद झाली. छपरावरच्या अँटेनेचा उपयोग सरला. उरली ती डीडी फ्री डिश. तिला मासिक आकार नाही, परंतु तबकडी आणि पेटी एकदा विकत घ्यावी लागते आणि तबकडीला मोकळे आकाश लागते. कळवा-मुंब्र्याच्या दाटीत तळमजल्यावरच्या भाडेकरूने ते आणायचे कोठून? इमारतीच्या गच्चीवर एक सामायिक तबकडी बसवून सर्व बिऱ्हाडांना जोडणी देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडचण असते ती गच्चीच्या परवानगीची. तेव्हा कार्यकर्त्यांनी वस्तीत जाताना केबलची बिले पाहावीत आणि गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभेत हा गच्चीचा विषय मांडावा.