जीव वाचला, त्यानंतर



इंदापूरसारख्या गावी भरलेल्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. वेळ थोडा आहे, म्हणून थेट विषयाकडे येतो.

२१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी दरम्यान उजनी धरणाच्या पाण्यात वादळात बोट उलटली आणि सहा जण गेले. त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०२३ मध्ये, बारामती तालुक्यातल्या खांडजला टाकीतल्या विषारी वायूने चौघांचा जीव घेतला. या घटना आपल्या लक्षात आहेत, कारण मेलेल्यांची नोंद होते. पण शेततळ्यातून बाहेर काढलेलं, श्वास परत आलेलं, अतिदक्षता विभागात दिवस काढून घरी आलेलं पोर कुठल्याच आकड्यात येत नाही. "वाचलं बिचारं" म्हणून गाव मोकळं होतं. आणि खरं सांगायचं तर आपणही होतो. मला आज त्या पोराबद्दल बोलायचं आहे, आणि जन्मल्यावर न रडलेल्या बाळाबद्दलही. दोघांच्या मेंदूला प्राणवायू कमी पडलेला असतो.

मेंदूच्या खोल भागातली पुटामेन, ग्लोबस पॅलिडस, थॅलॅमस ही केंद्रं हालचालींचा ताळमेळ राखतात. त्यांना प्राणवायू सतत आणि भरपूर लागतो, म्हणून तो तुटला की पहिला फटका बसणाऱ्या भागांत तीही असतात. मग हात उचलायला जावं तर मान वळते, बोलायला जावं तर जबडा आवळतो, पाठीची कमान होते. याला आपण डिस्टोनिया म्हणतो. कधी कधी हे लगेच दिसत नाही. मूल सावरतंय असं वाटत असतं आणि महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, अंग पिळवटायला लागतं.

अशा मुलाची आई ओपीडीत काय सांगते, ते नीट ऐका. "दिवसभर आळेपिळे देतो हो, कुणी आलं की जास्तच, पण झोपला की अगदी सरळ पडतो." या एका वाक्यात अर्धं निदान आहे. झोपेत थांबतं, भावना उचंबळल्या की वाढतं आणि त्या सगळ्या वेळात मूल शुद्धीवर असतं, तर ही फिट नसण्याचीच शक्यता जास्त. तरीही फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असलेली मुलं मी पाहिली आहेत. याहून वाईट म्हणजे त्यांना मतिमंद ठरवलेलं असतं. हालचाली बिघडलेल्या या मुलांपैकी कित्येकांची समज शाबूत असते. त्यांच्या डोळ्यांकडे पाहून प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या.

मोठ्या माणसांत आणखी एक प्रकार दिसतो. हृदय किंवा श्वास थांबून परत सुरू झालेला तरुण शांत बसलेला असताना ठीक दिसतो. समोरच्या चहाच्या कपाला हात लावला की हाताला हिसका बसतो आणि चहा सांडतो. लान्स आणि ॲडम्स या डॉक्टरांनी हे १९६३ मध्ये नोंदवलं. क्लोनाझेपाम, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम यांनी पुष्कळांना आराम पडतो. डिस्टोनियातही बॅक्लोफेन, ट्रायहेक्सिफेनिडिल, बोटुलिनमची इंजेक्शनं, निवडक रुग्णांत मेंदूतली शस्त्रक्रिया, असे मार्ग आहेत. पूर्ण बरं होणं दुर्मीळ, हे घरच्यांना स्पष्ट सांगावं. पण ज्या आईला मुलाच्या तोंडात घास घालता येत नव्हता, तिला तो घालता आला, तर तो उपचार यशस्वी झाला असं मी मानतो.

एक धोका मात्र रात्रीच्या ड्यूटीवरच्या प्रत्येकाला माहीत हवा. ताप, बद्धकोष्ठता, दुखणारा दात किंवा अचानक बंद केलेली गोळी, एवढ्यानेही डिस्टोनिया भडकतो. अंग तासन् तास ताठ राहिलं तर स्नायू मोडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. ही तातडीची अवस्था आहे. "त्याचं नेहमीचंच आहे" म्हणून घरी पाठवू नका.

आता प्रतिबंधाकडे. गुदमरून जन्मलेल्या बाळाला थंड करण्याचा उपचार पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. तो इथे करावा का, असं तरुण सहकारी विचारतात. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात झालेल्या याच उपचाराच्या हेलिक्स चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला: फायदा दिसला नाही, मृत्यू मात्र वाढले. म्हणजे आपल्याकडे पहिल्या मिनिटाला पर्याय नाही. बाळ श्वास घेत नसेल तर त्या मिनिटात बॅग-मास्क सुरू झालाच पाहिजे, आणि तो मास्क योग्य मापाचा, हाताशी ठेवलेला हवा.

तीच गोष्ट बुडालेल्याची. त्याला उलटं धरून पाणी काढत बसणं, डोक्यावर घेऊन फिरवणं अजून चालतं. त्यात मोलाची मिनिटं जातात. आधी तोंडाने श्वास, मग छाती दाबणं, आणि तोवर कुणीतरी १०८ ला फोन. शेततळ्याचा प्लास्टिक कागद इतका निसरडा असतो की पोहता येणाराही वर चढू शकत नाही. काठाला गाठी मारलेला दोर खुंट्याला कायम बांधलेला असावा. त्याला खर्च किती येतो!

आशाताईंनो, घरोघरी फिरताना आतल्या खोलीत ठेवलेलं असं मूल दिसलं तर त्याचं नाव लिहून घ्या आणि उपजिल्हा रुग्णालयात पाठवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडणं, आहे. त्या मुलांना निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळू शकतो. डॉक्टर मित्रांनो, प्रमाणपत्रासाठी त्या आईला चार हेलपाटे घालायला लावू नका. आणि आपापल्या गावात या महिन्यात एकदा तरी, पोहायला जाणाऱ्या पोरांना आणि शेततळ्यांच्या मालकांना एकत्र बोलावून, श्वास कसा द्यायचा ते करून दाखवा. अध्यक्ष म्हणून माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे.