कोपऱ्यातली पातळ भिंत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात गोळ्यांचं पाकीट असेल तर जरा हातात घ्या. एका बाजूला चंदेरी ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकचे फुगीर कप्पे. कप्प्याची भिंत सगळीकडे सारखीच जाड असेल, असं आपण धरून चालतो. तशी ती नसते. आणि आतली गोळी पावसाळाभर कोरडी राहणार का, हे बरंचसं त्या फरकावर ठरतं.

हे कप्पे बनतात कसे? प्लॅस्टिकची सपाट शीट तापवून मऊ करतात आणि हवेच्या दाबानं किंवा हवा ओढून घेऊन साच्यात बसवतात. शीटचा जो भाग साच्याला आधी टेकतो, तो थंड होऊन तिथेच थांबतो. उरलेला भाग ताणत राहतो. तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो तो सगळ्यात शेवटी, म्हणून तोच सगळ्यात पातळ होतो.

थोडा हिशेब करू. आठ सेंटिमीटर तोंडाची, चार सेंटिमीटर खोल, उभ्या भिंतीची वाटी घ्या. तळ आणि भिंत मिळून तिचं क्षेत्रफळ तोंडाच्या तिप्पट भरतं. म्हणजे १ मिलिमीटरची शीट सरासरी ०.३३ मिलिमीटर उरते. पण ही झाली सरासरी! उकडीच्या मोदकाची पारी सरासरी बरी असून काय उपयोग? जिथे पातळ झाली, तिथूनच सारण बाहेर येणार. गोळ्यांच्या पाकिटासाठी पीव्हीसीची शीट बऱ्याचदा ०.२५ मिलिमीटरची असते. भिंत निम्मी झाली, की तिथून साधारण दुप्पट बाष्प आत शिरतं.

मी या कामात नवा होतो, तेव्हा तक्रार आली की शीट जाड घ्यायची, हाच आमच्याकडे उपाय होता. कोपरा किती पातळ आहे हे बघायला नमुना कापायचा आणि स्क्रू गेजमध्ये धरायचा. कापलेला नमुना वाया, आणि न कापलेल्या हजारोंबद्दल नुसता भरवसा.

आता हे काम प्रकाश करतो. पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. साध्या भिंगातून निळा जवळ एकवटतो, तांबडा थोडा लांब. कॅमेरेवाले हा दोष मानतात. मोजणाऱ्यांनी त्याचीच फूटपट्टी केली. जो रंग नेमका पृष्ठभागावर एकवटतो, तोच ठळकपणे परत येतो. रंगावरून अंतर कळतं. पारदर्शक भिंतीला पृष्ठभाग दोन, म्हणून रंगही दोन परततात. त्यांच्यातलं अंतर म्हणजे जाडी.

इथे एक मेख आहे. विहिरीचा तळ वर आल्यासारखा दिसतो ना? तशीच प्लॅस्टिकची भिंतही प्रकाशाला असते त्याहून पातळ दिसते. मिळालेल्या आकड्याला त्या प्लॅस्टिकच्या अपवर्तनांकानं गुणावं लागतं. पीव्हीसीचा तो दीडच्या थोडा वर असतो. हे विसरलं, तर चांगला मालही नापास होतो.

अपारदर्शक डब्यातून प्रकाश आरपार जात नाही. तिथे दोन्ही बाजूंनी लेसर टाकून दोन अंतरं मोजतात आणि वजाबाकी करतात. फार अरुंद डब्यात मात्र उपकरण शिरत नाही. तीव्र उतारावरून प्रकाश भलतीकडेच परततो. तिथे आजही बऱ्याचदा नमुना कापावा लागतो.

पण कोपरा एकदा कळला, की शीट जाड न करताही इलाज करता येतो. तापमान थोडं बदलायचं, किंवा शीट साच्यात ढकलणाऱ्या ठोकळ्याचा आकार बदलायचा, म्हणजे प्लॅस्टिक कोपऱ्यापर्यंत पोचतं. नाहीतर एका कोपऱ्याच्या भीतीनं आपण सगळी शीट जाड करतो, आणि ते जादा प्लॅस्टिक अखेर कचऱ्यातच जातं.

तेव्हा उद्या गोळी काढताना कप्प्याचा कोपरा बोटानं हलकेच दाबून बघा. तो लगेच दबला, तर गोळीची राखण किती पातळ भिंतीवर सोपवली आहे, हे लक्षात येईल.