पीककर्ज घेताना खात्याची किल्ली सांभाळा
(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मृग तोंडावर आला आहे. बियाणे आणि खतांची जुळवाजुळव आपण करीत असाल, त्यासाठी पीककर्जाचे कागदही गोळा करीत असाल. बियाण्याची उगवणक्षमता कशी तपासावी, बीजप्रक्रिया कशी करावी, हे आपण दरवर्षी ऐकता. आज मी थोड्या वेगळ्या विषयावर बोलणार आहे. कर्ज मिळविण्याच्या घाईत आपल्या बँक खात्याची गुप्त माहिती दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, हा तो विषय आहे.

आमच्याकडे आलेल्या एका शेतकऱ्याची हकीकत सांगतो. सोयाबीनचे पैसे त्यांच्या खात्यात जमा होते. एके दुपारी फोन आला. "तुमचे दोन लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे. रक्कम जमा करण्यापूर्वी खाते तपासायचे आहे. मोबाईलवर सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा." बोलणाऱ्याला त्यांचे गाव आणि गट नंबरही माहीत होता. त्यांनी विश्वासाने आकडे सांगितले. कर्ज तर आले नाहीच, सोयाबीनचे होते तेही गेले. लोक हसतील म्हणून चार दिवस त्यांनी घरातही सांगितले नाही. बंधूंनो, पैसे गेले एका मिनिटात, पण ते परत मिळण्याची संधी गेली ती त्या चार दिवसांत.

यातून एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. कर्ज देणाऱ्याला कागद लागतात, किल्ली लागत नाही.

कागद म्हणजे सातबारा व आठ-अचे उतारे, आधार, पॅन, फोटो, पिकांचा तपशील आणि इतर बँकांचे बेबाकी प्रमाणपत्र. बँकेने मागितल्यास हे जरूर द्यावेत. छायांकित प्रतीवर 'फक्त पीककर्जासाठी' असे लिहून तारीख टाकावी व सही करावी. किल्ली म्हणजे एटीएमचा पिन, कार्डामागचे तीन आकडे, यूपीआय पिन, नेट बँकिंगचा पासवर्ड आणि मोबाईलवर येणारा ओटीपी. ही किल्ली बँकेच्या व्यवस्थापकालाही सांगायची नसते आणि तोही ती मागत नाही.

याचे कारण सोपे आहे. कर्जाची रक्कम आपल्या खात्यात येणार असते. खात्यात पैसे टाकण्यास खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड पुरतो. यूपीआय पिन लागतो तो खात्यातून पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नव्हे. तेव्हा पैसे देतो म्हणून जो पिन मागतो, तो पैसे न्यायला आला आहे असे समजावे.

आपल्यापैकी कोणी विचारील की, शेतकरी ओळख क्रमांक काढताना किंवा आधारची पडताळणी करतानाही ओटीपी लागतोच ना? होय, लागतो. परंतु तेथे आपण समोर बसलेले असतो आणि काम आपण स्वतः सुरू केलेले असते. तरीही आकडे टाकण्यापूर्वी संपूर्ण संदेश वाचावा किंवा घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्यावा. ओटीपी कशासाठी आहे, हे त्या संदेशातच लिहिलेले असते. त्यात रक्कम वजा होण्याचा उल्लेख असेल तर तेथेच थांबावे. आपण न मागवलेला ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नये.

मोबाईलवरून कर्ज देणारी काही ॲप "तुमची उलाढाल पाहायची आहे" असे सांगून नेट बँकिंगचा पासवर्ड मागतात. तो देऊ नये. उलाढाल दाखविण्यासाठी पासबुकाची प्रत किंवा शाखेचा शिक्का असलेला खातेउतारा द्यावा. रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या 'अकाउंट ॲग्रिगेटर' संस्थांमार्फतही आपल्या संमतीने खातेउतारा कर्जदात्याकडे जाऊ शकतो. त्यासाठी पासवर्ड कोणालाही द्यावा लागत नाही.

ॲपवरून कर्ज घेणे भागच पडले, तर आधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्यामागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था आहे. १ जुलै २०२५ पासून अशा ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर उपलब्ध झाली आहे. दुसरी, कर्जाची रक्कम मधल्या कोणाच्या खात्यातून न येता थेट आपल्या खात्यात येते का. तिसरी, व्याज व सर्व खर्च दाखविणारे तपशीलपत्रक आधी मिळते का. जे ॲप फोनमधील नावे-नंबर आणि फोटो पाहण्याची परवानगी मागते, ते लगेच काढून टाकावे. कर्ज मिळण्यापूर्वी 'प्रक्रिया फी' म्हणून कोणाच्या खासगी खात्यावर पैसे पाठवू नयेत.

व्हॉट्सॲपवर पीएम किसान, कर्जमाफी किंवा अनुदान यांच्या नावाने 'एपीके' फाईल आली तर ती उघडू नये. ती उघडून बसवली की फोनवर येणारे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ शकतात. बँकेचे संकेतस्थळ पाहायचे असल्यास पत्त्याचा शेवट तपासावा. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेला पत्ता घ्यावा, असे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले होते.

फसवणूक फोनवरूनच होते असे नाही. रुपे किसान कार्डाच्या पाकिटावर पिन लिहून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. ती मोडावी. कार्ड आणि पिन दुकानदाराकडे किंवा मध्यस्थाकडे ठेवू नये. कोऱ्या धनादेशावर किंवा पैसे काढण्याच्या कोऱ्या पावतीवर सही करू नये. आधार क्रमांक आणि अंगठा यांवरही खात्यातून पैसे निघतात, म्हणून "कर्जाच्या केवायसीसाठी अंगठा ठेवा" असे सांगणाऱ्या अनोळखी माणसाच्या यंत्रावर बोट ठेवू नये. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोयही आहे, तिचा उपयोग करावा.

मध्यस्थ "बिनतारण कर्ज मिळवून देतो" असे सांगतो, तेव्हा हेही लक्षात असू द्यावे की १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जास बँकांनी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. त्यासाठी कोणाला किल्ली देण्याची गरज नाही. आपल्या विकास संस्थेच्या गटसचिवांकडे किंवा बँकेच्या शाखेत स्वतः जाऊन विचारावे.

एवढी काळजी घेऊनही चूक झालीच, तर लाजू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवून खाते व कार्ड बंद करवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याबाबतचे तत्त्व घालून दिले. आपली किंवा बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर नुकसान ग्राहकाचे नाही. ग्राहकाने स्वतः पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी प्रत्येक तास मोलाचा आहे. ते चार दिवस आपण कोणीही वाया घालवू नयेत.

घरी गेल्यावर ही माहिती आपल्या वडीलधाऱ्यांना आणि घरातील महिलांना जरूर सांगा. बचत गटाच्या खात्याचे व्यवहार त्याच पाहतात. धान्याच्या कोठीची किल्ली आपण जशी कंबरेला ठेवतो, तशीच खात्याची किल्लीही ठेवावी.

येणारा खरीप आपणा सर्वांना भरभराटीचा जावो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.