भाग ३१ : अल्गोरिदमला न सापडलेले बॅन्ड

इअरफोन नीट बसवलेत ना? आज जरा निवांत बसा, कारण आजच्या विषयातलं एकेक गाणं अकरा, पंधरा, वीस मिनिटांचं आहे. मी सगळी गाणी वाजवणार नाहीये, घाबरू नका. मी फक्त सांगणार आहे. ऐकायचं काम तुमचं.

विषय आहे प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे आपला लाडका 'प्रोग'. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही पोरांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. त्यांनी रॉकमध्ये जॅझ आणला, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणलं, विचित्र ताल आणले. १९६९ला 'किंग क्रिम्झन'चा पहिला अल्बम आला आणि मग रांगच लागली. १९७२चं 'येस'चं 'क्लोज टू द एज' हे गाणं जवळपास १९ मिनिटांचं आहे. का? कारण एलपी रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. अख्खी बाजू म्हणजे एक गाणं!

पण येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड ही झाली मोठी नावं. ती तुम्हाला अ‍ॅप आपणहून सुचवतं. आज बोलायचंय ते अ‍ॅप सहसा सुचवत नाही अशा बॅन्डबद्दल.

आधी माझी एक गोष्ट. बीटेकला असताना हॉस्टेलवर आमचा बॅन्ड होता. मी गायचो आणि बेस वाजवायचो. गाणी आमची स्वतःची, पण सगळी इंग्लिशमध्ये. बरं, इंग्लिश म्हणजे आपलं इंग्लिश नाही, जीभ वाकडी करून अमेरिकन इंग्लिश! गाण्यांमध्ये हायवे असायचे, बर्फ असायचा. अरे, मी सांगलीचा. आम्ही बर्फ बघितला तो उसाच्या रसात. पण मराठीत लिहायचं कुणी सुचवलं तरी आम्हीच हसायचो. 'रॉक आहे भावा, पोवाडा नाही.' हे वाक्य माझंच आहे. आज आठवलं की लाज वाटते.

त्याच वर्षी आम्ही फ्लॉइडचं 'मनी' बसवत होतो. त्याचा मुख्य भाग सातच्या तालात आहे. आपल्या नेहमीच्या गाण्यांत चार मोजून परत एकवर येतो, इथे सात मोजायचे. आमचा ड्रमर दर वेळी आठव्यावर घसरायचा. महिना गेला, जमेना. सुट्टीत घरी गेलो आणि ते गाणं स्पीकरवर लावून बसलो होतो. पप्पा पेपर वाचत होते. पप्पा म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी आणि गुरुवारी भजनी मंडळात तबला. त्यांनी पेपर न खाली ठेवता खुर्चीच्या हातावर बोटं वाजवायला सुरुवात केली. पक्की लयीत. मी म्हटलं, 'पप्पा, तुम्हाला कसं काय जमलं?' तर म्हणाले, 'सात मात्रा आहेत की ह्याच्या. रूपकात मोज. तीन, दोन, दोन. त्यात काय अवघड आहे?'

झालं. आम्ही महिनाभर यूट्यूबवर जे शोधत होतो ते घरात खुर्चीवर बसलं होतं. आणि तरी मंडळी, मी त्यांना कधी आमच्या प्रॅक्टिसला बोलावलं नाही. बॅन्ड चार वर्षं चालला, मग सगळे नोकरीला लागले आणि विषय संपला.

नोकरीत पहिली दोन वर्षं मी शिफारशीच्या सिस्टमवर काम केलं. गाण्यांच्या नाही, शॉपिंगच्या. पण तत्त्व तेच. ज्यांनी मिसळ घेतली त्यांनी ताकही घेतलं, म्हणून तुम्ही मिसळ घेतली की मी तुम्हाला ताक दाखवणार. आता एखादी वस्तू फारच कमी लोकांनी घेतली असेल, तर सिस्टमकडे तिच्याबद्दल माहितीच नसते. माहिती नाही म्हणून दाखवत नाही, दाखवत नाही म्हणून कुणी घेत नाही. याला आम्ही 'कोल्ड स्टार्ट' म्हणतो. कुणी कट केलेला नसतो. फक्त वस्तू कोपऱ्यात राहते.

हे बॅन्ड त्या कोपऱ्यात आहेत. आणि त्यातले बरेचसे तिथे का आहेत माहितीये? ते इंग्लिशमध्ये गायले नाहीत. आजचा मुद्दा हाच आहे.

चला, सुरुवात चिलीपासून. बॅन्डचं नाव 'लोस हाइवास'. समुद्रकाठच्या विन्या देल मार शहरातली पोरं. पारा आडनावाचे तीन सख्खे भाऊ, एदुआर्दो, क्लाउदिओ आणि गाब्रिएल, आणि दोन मित्र, गातो आल्किंता आणि मारिओ मुतिस. १९६३ला सुरुवात केली ती लग्न-पार्ट्यांमध्ये नाचाची गाणी वाजवून, म्हणजे ऑर्केस्ट्राच म्हणा. मग काही वर्षांनी ते सगळं सोडून त्यांनी आपल्या डोंगरातली वाद्यं हातात घेतली. चारांगो हे छोटं तंतुवाद्य, केना ही बासरी, मापुचे लोकांचं त्रुत्रुका हे लांबलचक शिंग. आणि त्यांच्या शेजारी पियानो, इलेक्ट्रिक गिटार, मूग सिंथेसायझर.

११ सप्टेंबर १९७३ला चिलीत लष्करानं सत्ता घेतली. बॅन्ड बायका-पोरांसकट अर्जेंटिनाला गेला. १९७६ला तिथेही लष्कर आलं, मग १९७७ला फ्रान्स. पॅरिसजवळ सगळी कुटुंबं एकत्र राहायची. तिथे, आपल्या डोंगरांपासून हजारो किलोमीटर दूर, त्यांनी १९८१चा 'आल्तुरास दे माच्चु पिच्चु' हा अल्बम केला. शब्द पाब्लो नेरुदांच्या दीर्घकवितेतले. नेरुदा त्या सत्तापालटानंतर बाराव्या दिवशी वारले होते. त्याच वर्षी बॅन्डनं हे सगळं पेरूमध्ये प्रत्यक्ष माचू पिचूच्या अवशेषांमध्ये वाजवलं, टीव्हीसाठी. निवेदक होते लेखक मारिओ वार्गास योसा, ज्यांना पुढे २०१०ला नोबेल मिळालं. तो व्हिडिओ शोधा. दगडी पायऱ्या, धुकं आणि मध्येच पियानो.

त्यातलं 'ला पोदेरोसा मुएर्ते' हे अकरा मिनिटांचं गाणं आधी ऐका. मला स्पॅनिशचं एक अक्षर कळत नव्हतं. मी वाकडच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, पाऊस होता, आणि डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा रिक्षावाला बघत होता. बघू दे.

आणखी एक. गाब्रिएल पारा हा त्यांचा ड्रमर १९८८ला पेरूमध्ये कार अपघातात गेला. त्याच्यानंतर ड्रमवर कोण बसलं? पुढे त्याची मुलगी, हुआनिता पारा. बापाचं वाद्य मुलीनं उचललं. हे मी लक्षात ठेवलंय. का, ते शेवटी सांगतो.

दुसरा मुक्काम इटली. रोमचा बॅन्ड, 'बांको देल मुतुओ सोकोर्सो'. नावाचा अर्थ साधारण 'परस्पर मदत बँक'. म्हणजे आपल्याकडे एखाद्या बॅन्डनं 'सहकारी पतसंस्था' नाव ठेवावं तसं! १९७२च्या पहिल्या अल्बमचं कव्हर पैसे साठवायच्या मातीच्या गल्ल्याच्या आकाराचं होतं. दोन भाऊ, वित्तोरिओ आणि जान्नी नोचेन्झी, दोघंही कीबोर्डवर. आणि गायक फ्रान्चेस्को दी जाकोमो. भरघोस दाढी, धिप्पाड देह, आवाज ऑपेराचा. २०१४ला तेही अपघातात गेले. त्याच वर्षीचा, म्हणजे १९७२चाच त्यांचा दुसरा अल्बम 'डार्विन!' हा उत्क्रांतीवर आहे. हो, अख्खा अल्बम!

इटलीचाच दुसरा बॅन्ड 'पीएफएम', पूर्ण नाव प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी. यांची गोष्ट वेगळी आहे. यांना इंग्लंडच्या 'इमर्सन, लेक अँड पामर'च्या लेबलनं घेतलं, आणि १९७३ला 'फोटोज ऑफ घोस्ट्स' आला. त्यात बरीच जुनी गाणी नव्या इंग्लिश शब्दांत आहेत. शब्द पीटर सिनफील्डचे, जो किंग क्रिम्झनसाठी लिहायचा. म्हणजे लिहिणारा काही ऐरागैरा नव्हता. त्यामुळे त्यांना बाहेर ओळखही मिळाली, हे कबूल करायला हवं. पण एक प्रयोग करा. त्याआधीचा १९७२चा इटालियन 'पेर उन आमिको' आणि हा इंग्लिश अल्बम पाठोपाठ ऐका. चाली त्याच, माणसं तीच. मला इंग्लिशमध्ये गाणारे पाहुण्यांच्या घरी सोफ्याच्या कडेवर बसल्यासारखे वाटतात. इटालियनमध्ये ते स्वतःच्या घरात मांडी घालून बसलेत. तुम्हाला वेगळं वाटलं तर व्हॉइस नोट पाठवा, भांडू आपण.

तिसरा मुक्काम पॅरिस, बॅन्ड 'माग्मा'. ड्रमर क्रिस्तियां वांदेर यानं इंग्लिशही नाकारली आणि फ्रेंचही. त्यानं स्वतःची भाषाच बनवली, 'कोबाइयन'! पृथ्वी सोडून कोबाइया नावाच्या ग्रहावर गेलेल्या माणसांची ती भाषा. १९७०च्या पहिल्या अल्बमपासून हीच कथा चालू आहे. १९७३चा 'मेकानिक देस्त्रुक्तिव्ह कोमान्दो' लावलात तर पहिली पाच मिनिटं म्हणाल, हा काय गोंधळ आहे? दहाव्या मिनिटाला पाय हलायला लागतात. एकच ओळ परत परत, दर वेळी जरा वरच्या पट्टीत, जरा जोरात, कोरससकट. भजनात शेवटी गजर चढत जातो ना, तसं. या प्रकाराला 'झ्यूल' असं नावच पडलं, आणि तिकडे जपानमध्ये 'कोएन्जी ह्याक्केई'सारखे बॅन्ड स्वतःच्या कल्पित भाषेत गायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, एवढे बॅन्ड होते तर कुणाला माहीत कसे नाहीत? हा प्रश्न त्यांनाही पडला होता. १२ मार्च १९७८ला लंडनमध्ये इंग्लंडच्या 'हेन्री काऊ'नं चार बॅन्ड बोलावले. इटलीचा 'स्तॉर्मी सिक्स', स्वीडनचा 'साम्ला माम्मास मान्ना', बेल्जियमचा 'युनिव्हर्स झेरो', फ्रान्सचा 'एत्रों फू ललुब्लां'. पाच बॅन्ड, पाच देश. उपक्रमाचं नाव 'रॉक इन ऑपोझिशन'. म्हणणं साधं होतं : मोठ्या रेकॉर्ड कंपन्या आमच्याकडे बघत नाहीत, तर आपणच एकमेकांना उभं करू. एक प्रकारची भिशीच. मी शिफारशीच्या सिस्टमवर काम केलेला माणूस म्हणून सांगतो, कोल्ड स्टार्टवर उपाय शेवटी हाच असतो : कुणीतरी माणसानं दुसऱ्या माणसाला सांगणं.

चौथा मुक्काम इंडोनेशिया. 'गुरूह गिप्सी'. गुरूह हा तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांचा मुलगा. त्यानं १९७०च्या दशकाच्या मध्यात 'गिप्सी' या रॉक बॅन्डला बालीच्या गामेलानबरोबर बसवलं. गामेलान म्हणजे मुख्यतः काशाच्या घंटा-थाळ्यांचा अख्खा ताफा. यातल्या मोठ्या गाण्याचं नाव 'इंडोनेशिया महर्द्धिका'. ओळखीचं वाटलं? संस्कृतातला 'महर्द्धिक'. त्यावरूनच त्यांचा स्वातंत्र्यासाठीचा शब्द 'मर्देका' आला. जाकार्तातल्या रॉक बॅन्डला जो शब्द जुनाट वाटला नाही, तो आम्हाला हॉस्टेलवर नक्की जुनाट वाटला असता.

आणि आपल्या शेजारी बंगळुरूत 'अगम' आहेच. कर्नाटक संगीतातल्या रचना आणि प्रोग. त्यातल्या कित्येकांनी बरीच वर्षं नोकऱ्या सांभाळून हे केलं. म्हणजे 'स्प्रिंट चालू आहे, वेळ नाही' हे आपलं कारण तिथेच बाद.

आता कामाच्या टिपा, लिहून घ्या. एक : आवडलेल्या गाण्याचे क्रेडिट्स उघडा. ड्रमर, निर्माता, लेबल यापैकी एक नाव घेऊन पुढे जा. दुसरी : देश आणि दशक घालून शोधा, 'हंगेरी प्रोग ७०ज', 'तुर्की', 'पोलंड', काहीही. तिसरी : नावाचं स्पेलिंग तपासा. हाइवासच्या अल्बमच्या नावात, 'माच्चु'मध्ये 'सी' दोनदा येतो. एका अक्षरासाठी अल्बम हुकतो. चौथी : शफल बंद करा. हे लोक अल्बम लिहायचे, प्लेलिस्ट नाही. आणि पाचवी : आवडलं तर एका, फक्त एका माणसाला पाठवा. स्टेटसला नको, माणसाला.

शेवटचं सांगून थांबतो. पप्पा आता रिटायर झालेत. उजवा खांदा धरलाय, त्यामुळे गुरुवारचा तबला बंद आहे. दिवाळीला घरी गेलो तेव्हा मी त्यांना हाइवास ऐकवलं. पूर्ण अकरा मिनिटं ऐकलं त्यांनी. भाषा विचारली, मी स्पॅनिश म्हणालो. मग म्हणाले, 'तुम्ही पोरं कुठल्या भाषेत गायचा रे?'

मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, 'पप्पा, रूपक वाजवता का थोडा? मोबाइलवर घेतो.' खांदा दुखत होता, तरी वाजवला. ४० सेकंद. पंख्याचा आवाज आलाय, मध्ये कुकरची शिट्टी आहे. त्यावर मी बेसची एक ओळ बसवली आणि चार ओळी लिहिल्या. मराठीत. त्यात बर्फ नाही. ती फाइल आमच्या जुन्या ड्रमरला पाठवायचीये. तीन आठवडे झाले, टाइप करतो आणि पुसतो. हा भाग अपलोड केला की पाठवतो. आता तुम्हाला सांगून बसलोय म्हटल्यावर पाठवावीच लागेल.

तुम्ही काय ऐकलंत, कुठल्या भाषेत, ते नक्की कळवा. पुढच्या भागात तुमच्या व्हॉइस नोट्स घेऊ. तोवर सात मोजा. तीन, दोन, दोन. भेटूया!